गावाकडच्या आईबाबांसाठी कुठलं यंत्र घ्यावं?

प्रश्न : मी ठाण्यात नोकरी करतो. आईबाबा देवगड तालुक्यात गावी असतात. बाबा 74 वर्षांचे. बीपी, डायबेटिस आणि एक स्टेंट बसवलेला. आई 69 वर्षांची. डायबेटिस, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. घरात रेंज कधी असते, कधी नसते. इथून त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवता यावं म्हणून 40 हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. स्मार्टवॉच, दंडावर चिकटवायचा शुगर सेन्सर, बोट न टोचता साखर सांगणारं घड्याळ, रिपोर्ट वाचून दाखवणारं एआय अ‍ॅप, यांतलं काय घ्यावं?

उत्तर : 40 हजार लागणार नाहीत. दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं मशीन, एक साधा ग्लुकोमीटर, आईंसाठी 14 दिवसांचा एक सेन्सर, आणि उरलेल्या पैशांतून न्हाणीघराकडच्या पायऱ्यांना कठडा. स्मार्टवॉच बाबांना हौस असेल तर घ्या. बोट न टोचता साखर सांगणारं घड्याळ मात्र कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

आता कारणं. मी सिंधुदुर्गात फिजिशियन म्हणून बरीच वर्षं काम करतोय. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी आले की ओपीडीत नव्या खोक्यांची रांग लागते. ‘हे बघा डॉक्टर, बाबांसाठी घेतलं.’ मी बघतो. पुढच्या वर्षी त्याच बाबांना विचारलं की कळतं, वस्तू कपाटात आहे आणि चार्जर कुठेतरी आहे. वस्तू वाईट असते असं नाही. ती सांगते तो आकडा कोण बघणार आणि बघून काय करणार, हे घेताना कुणी ठरवलेलं नसतं. ठाण्यात बसून रात्री 11 वाजता बाबांचं बीपी 168 दिसलं तर तुम्ही काय कराल? बाबांना फोन लावाल, ते घाबरतील, पुन्हा मोजतील, 182 येईल. मग मला फोन. हे दर महिन्याला एकदोन घरांत घडतं. म्हणून कुठलंही यंत्र घेण्याआधी वहीत दोन गोष्टी लिहा : किती आकड्याला काय करायचं, आणि गावात ते कोण करणार. आकड्यांबद्दल खाली सांगतो.

आधी बीपीचं मशीन. ते दंडाचंच घ्या. मनगटाचं मशीन हृदयाच्या पातळीवर धरलं नाही की आकडा बदलतो, आणि वयस्कर माणसं ते तसं धरत नाहीत. पट्ट्याच्या मापाकडे तर बहुतेक लोक बघतच नाहीत. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर बीपी कमी दिसतं, जाड दंडाला लहान पट्टा लावला तर जास्त. शिंप्याकडच्या टेपने बाबांच्या दंडाचा घेर मोजा आणि खोक्यावर छापलेल्या सेंटिमीटरशी जुळवून मगच घ्या. मशीन सेलवर चालणारं हवं, नुसतं प्लगवर चालणारं नको. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाइलचे टॉवरही बंद. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने आमच्या किनाऱ्याची तीच गत केली. वादळ दरवर्षी येत नाही, पण जूनच्या पहिल्या पावसात दोन दिवस वीज जाणं हे नेहमीचंच.

मोजायचं कसं, हे मशीन कुठल्या कंपनीचं त्याहून महत्त्वाचं. सकाळी चहाच्या आणि गोळीच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसायचं. पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. पडवीतल्या झोपाळ्यावर बसून नाही, आणि शेजारचा गाववाला जमिनीच्या मोजणीबद्दल बोलत असताना तर नाहीच. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, तसंच संध्याकाळी. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरची सरासरी 135/85 किंवा त्यावर असेल तर बीपी जास्त समजायचं. दवाखान्यात हीच रेघ 140/90 ला असते. डॉक्टरांकडे जायच्या आधीच्या आठवड्यात एवढं केलं की पुरे. रोज उठून दहा वेळा मोजणाऱ्यांचं बीपी मोजण्यामुळेच वाढतं.

आणखी एक आकडा माझ्यासाठी घ्या, तो उभं राहून. बसून मोजलं की बाबांना उभं करायचं, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वरचा आकडा 20 किंवा जास्त खाली आला तर मला तो बसून घेतलेल्या 150 पेक्षा जास्त काळजीचा वाटतो, कारण हीच माणसं पहाटे लघवीला उठतात आणि पडतात. एप्रिल-मे महिन्यांत घामाने अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही जातं. त्यात क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर म्हाताऱ्या माणसाच्या रक्तातलं सोडियम उतरतं. आजोबा अचानक बडबडायला लागले, आजीला ग्लानी आली, की घरचे ‘वय झालं’ म्हणतात. कितीदा तरी ते सोडियम असतं. ही तपासणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते आणि तिला फार पैसे पडत नाहीत.

मशीन घेण्याआधी मात्र एक बिनखर्चाचं काम करा. घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर उपडी करा. गेल्या वर्षी एक आजोबा दोन्ही पायांना सूज घेऊन आले. सून किडनीची तपासणी करायची म्हणून हटून बसलेली. पिशवी उपडी केली. मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेली अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीची पट्टी होती. गावच्या डॉक्टरांनी दिलेली तीच गोळी दुसऱ्या नावाने होती. आणि तिसरी पट्टी होती टेल्मिसार्टनची, तिच्यातही अम्लोडिपिन मिसळलेलं. आजोबा इमानेइतबारे रोज 15 मिलिग्रॅम घेत होते; 10 च्या वर हे औषध आपण देत नाही, आणि पाय सुजणं हा त्याचा ठरलेला त्रास. दोन पट्ट्या मी ठेवून घेतल्या. पंधरवड्यात चपला पायात बसायला लागल्या. मुंबईत आणि गावात दोन्हीकडे डॉक्टर असलेल्या घरांत हे फार बघायला मिळतं. तुमच्याकडेही तीच शक्यता आहे म्हणून सांगतोय.

आता साखर. ग्लुकोमीटर चांगल्या कंपनीचा घ्या, पण लक्ष स्ट्रिप्सवर ठेवा. कोकणातली पावसाळी हवा स्ट्रिपची वैरी. डबीचं झाकण उघडं राहिलं, किंवा पाच-सहा स्ट्रिप्स काढून कागदाच्या पुडीत ठेवल्या, की जुलै-ऑगस्टमध्ये आकडे वेडेवाकडे येऊ लागतात. डबी घट्ट बंद हवी, मोरीपासून आणि चुलीपासून लांब. आणि मे महिन्यात टोचण्याआधी हात साबणाने धुवायलाच हवेत. हापूस चिरलेल्या बोटावर साखर लागलेली असते, ती रक्ताच्या थेंबात मिसळते आणि 140 च्या जागी 300 दिसू शकतात. अशा आकड्यावर घाबरून जादा गोळी घेतलेली माणसं मी बघितली आहेत. स्पिरिटच्या बोळ्याने नुसतं पुसून भागत नाही.

दंडावर चिकटवायचा सेन्सर ही मात्र खरोखर कामाची नवी गोष्ट आहे. त्याची बारीक तार कातडीखालच्या द्रवातली साखर मोजते, थेट रक्तातली नाही. म्हणून साखर झपाट्याने वरखाली होत असताना सेन्सर पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. एक सेन्सर साधारण 14 दिवस चालतो आणि त्याला काही हजार रुपये पडतात. वर्षभर लावून ठेवायची तुमच्या आईंना गरज नाही. इन्सुलिन दिवसातून तीन-चारदा घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना परवडत असेल तर कायम असावा. आईंना तो एकदाच लावायचा, आणि तोही ग्लिमेपिराइडमुळे. ही गोळी साखर खेचून खाली आणते. जेवण कमी झालं, एकादशी केली, जुलाब झाले, तरी ती आपलं काम करतच राहते. पहाटे तीन वाजता साखर 55 ला जाते, घाम येतो, वाईट स्वप्नं पडतात. सकाळी उठल्यावर डोकं जड, आणि बोट टोचून बघावं तर 160. आपण समजतो साखर जास्त आहे. रात्रीची ती घसरण सेन्सरच पकडतो. 69 व्या वर्षी अशी घसरण सापडली तर मी गोळी कमी करतो किंवा बदलतो, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) 7.5 च्या आसपास राहिलं तरी माझी हरकत नसते.

दुसरा फायदा जेवणाचा. आपल्याकडे साखर म्हटलं की लोक चहातला चमचा मोजतात आणि पेज, घावणे, तांदळाची भाकरी, रात्री पुन्हा भात यांकडे काणाडोळा करतात. एका बाईंनी सेन्सर लावून स्वतःच शोध लावला. सकाळी नुसती उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं घेतलं की आलेख उभा चढायचा. त्याच पेजेसोबत मुगाची उसळ आणि सुक्या बांगड्याचा तुकडा घेतला की चढ निम्म्यावर. आंबा जेवणानंतर आख्खा खाल्ला तर 280. तोच आंबा दुपारी चारला, अर्धा, एकटा खाल्ला तर 190. हे आकडे त्यांचे. तुमच्या आईंचे वेगळे येतील. पण ‘डॉक्टरांनी आंबा बंद केला’ यापेक्षा स्वतःच्या आलेखावर बघितलेला आंबा माणसाला लवकर पटतो.

सेन्सरच्या दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. मे महिन्यातल्या घामाने तो सुटतो, वरून जाळीदार चिकटपट्टी लावावी लागते. आणि त्याच कुशीवर झोपलं की दाब पडून रात्री खोटी घसरण दिसते. कमी आकडा दिसला आणि त्रास काहीच नसेल, तर बोट टोचून खात्री करा, मगच साखर द्या.

न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळाबद्दल दोन वाक्यं पुरतील. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये लोकांना सावध केलं की कातडी न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही परवानगी दिलेली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिरातीत दोन-तीन हजारांत मिळणारं घड्याळ अंदाजे आकडा दाखवतं, आणि त्या आकड्यावर कुणीतरी गोळी घेतं किंवा सोडतं.

स्मार्टवॉचवर लोकांचा जीव असतो, म्हणून थोडं सविस्तर. चांगल्या घड्याळातला ईसीजी एका खरोखरच्या कामाचा आहे : हृदयाचे ठोके अनियमित पडणं, ज्याला एएफ म्हणतात, ते पकडणं. एएफ मध्येच येतो, मध्येच जातो. दवाखान्यातल्या एका ईसीजीत सापडेलच असं नाही. त्यातून हृदयात रक्ताची गुठळी होऊन अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाने तो टाळता येतो. घड्याळाने एएफ म्हटलं तर दवाखान्यात 12 लीडचा ईसीजी काढून खात्री करायची, आपल्या मनाने औषध सुरू करायचं नाही. पण तुमच्या मनातली भीती हार्ट अटॅकची आहे, आणि घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही. अ‍ॅपलचं अ‍ॅप तर हे पडद्यावर स्वतःच लिहून दाखवतं. स्टेंट असलेल्या माणसाच्या छातीत दुखतंय आणि घड्याळ ‘सर्व ठीक’ म्हणतंय म्हणून घरी थांबणं, हा मला या यंत्राचा सगळ्यात मोठा धोका वाटतो.

घड्याळातल्या बीपीवर विसंबू नका. ज्यांत ती सोय आहे त्यांतल्या काही घड्याळांना दर चार आठवड्यांनी पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं, म्हणजे मशीन लागतंच. पडल्यावर आपोआप फोन लावणारी सोय उत्तम आहे, पण तिला नेटवर्क लागतं, आणि तुमच्याच शब्दांत रेंज कधी असते, कधी नसते. झोपेचे आकडे तर करमणूक म्हणून बघावेत. माझे एक पेशंट मुलाने दिलेलं घड्याळ दाखवत म्हणाले, ‘डॉक्टरानु, ह्या घड्याळ म्हणता माका रातभर झोप लागाक नाय. आणि बायल सांगता, मी रातभर घोरतंय.’ बायकोवर विश्वास ठेवून झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घेतली, श्वास थांबण्याचा आजार निघाला.

आता हार्ट अटॅकचं खरं नियोजन, कारण तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. देवगडहून अँजिओप्लास्टीसाठी बरेचदा घाट चढून कोल्हापूर गाठायचं किंवा खाली गोव्याला बांबोळीला जायचं, दोन्हीकडे तासांचा हिशोब. ईसीजीत अटॅक दिसल्यापासून 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यायचं आणि मग पुढे पाठवायचं, हा जगभरचा नियम आहे. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांना तोच लागू पडतो. टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन वजनाप्रमाणे एकदाच शिरेतून देतात, काही सेकंदांत देऊन होतं. पहिल्या तीन तासांत दिलं तर फायदा सर्वाधिक, 12 तासांपर्यंत देता येतं. जवळच्या दवाखान्यात काढलेला ईसीजी फोनवरून हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो आणि काही मिनिटांत वाचून परत येतो, ही माझ्या मते गेल्या दहा वर्षांत कोकणासाठी झालेली सगळ्यात मोलाची सुधारणा आहे.

म्हणून तुमचं काम हे : गावापासून सगळ्यात जवळ चोवीस तास ईसीजी आणि हे इंजेक्शन दोन्ही कुठे मिळतं, ते आजच फोन करून विचारा. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, खाजगी, जे असेल ते. नाव आणि नंबर बाबांच्या फोनमध्ये आणि रिक्षावाल्याच्या फोनमध्ये. छातीत दाब, घाम, धाप, आणि डायबेटिस असल्यामुळे कधी नुसतीच मळमळ किंवा दम लागणं, एवढं झालं की 108 ला फोन. गॅस झाला म्हणून सोडा पीत बसायचं नाही. अ‍ॅस्पिरिन चावून घ्यायची की नाही, हे बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांना आत्ताच विचारून लिहून ठेवा, त्या क्षणी विचारायला वेळ नसतो. अचानक तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं या अर्धांगवायूच्या लक्षणांनाही हेच. तिथे इंजेक्शनची मुदत साडेचार तास, आणि सीटी स्कॅन असलेलंच हॉस्पिटल गाठावं लागतं.

एआय अ‍ॅपला माझा विरोध नाही. रिपोर्टमधले शब्द समजून घ्यायला, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न काढायला वापरा. डोस बदलायला वापरू नका, कारण बाबा खरोखर किती गोळ्या घेतात ते अ‍ॅपला माहीत नसतं. पिशवीची गोष्ट वर सांगितलीच. एआयचा जो वापर तुमच्या घराला आज उपयोगी आहे तो डोळ्यांचा. हातात धरायच्या कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढतात, प्रोग्रॅम तो बघून डायबेटिसने पडदा बिघडलाय का ते सांगतो, आणि संशयित तेवढेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातात. 2018 मध्ये अमेरिकेत अशा पहिल्या यंत्रणेला परवानगी मिळाली, आता आपल्याकडे शिबिरांतूनही हे होतं. दोघांचाही पडदा वर्षातून एकदा तपासला गेला पाहिजे, मग फोटो यंत्राने वाचो की माणसाने. तुम्ही पत्रात डोळ्यांचा उल्लेख केलेला नाही, म्हणून मला शंका आहे की तो तपासलाच गेलेला नाही.

नवं तंत्रज्ञान म्हटलं की लोक शहराकडे बघतात. त्यातलं जे खरोखर चाललं ते आमच्याकडे सरकारी दवाखान्यांतून आलं, आणि त्याची कुणी जाहिरात केली नाही. देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. बाकीचे सातारा, भंडारा आणि वर्धा. त्यातलं अ‍ॅप दिसायला अगदी साधं. नर्स पेशंटच्या कार्डावरचा चौकोनी कोड स्कॅन करते, बीपी आणि गोळ्या भरते. खरी करामत पुढे आहे : या महिन्यात कोण आलं नाही, त्यांची यादी ते काढून देतं. मग त्या घरी फोन जातो किंवा आशाताई जाते. औषधांचा क्रमही ठरलेला, आधी अम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोन, आणि गोळ्या महिनाभराच्या एकदम. 2022 मध्ये या कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. बाबांचं नाव तुमच्या आरोग्य केंद्रात नोंदलेलं नसेल तर नोंदवा. तुम्हाला ठाण्यात बसून जी पाळत ठेवायची आहे ती गावातली नर्स जास्त चांगली ठेवते.

तसंच ट्रूनॅट. टीबीची ही तपासणी गोव्यात वेर्ण्याला तयार होते. बॅटरीवर चालणारं लहानसं यंत्र, वातानुकूलित लॅब लागत नाही, तासाभरात टीबी आहे की नाही ते कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये तिला मान्यता दिली. दोन आठवड्यांवर खोकला गेला आणि डायबेटिस आहे, तर ही तपासणी मागून घ्या.

ई-संजीवनीबद्दल विचारलं नाहीत, पण तुमच्यासारख्यांनी ती जरूर वापरावी. 2019 पासून चालू असलेली ही सरकारी दूरसल्ला सेवा दोन तऱ्हेने मिळते. एक, घरातून स्वतःच्या फोनवर. दुसरी, उपकेंद्रात जाऊन. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बीपी, साखर मोजून समोर बसवतात आणि पलीकडे डॉक्टर असतो. दुसरी कैक पटीने बरी. डॉक्टरला काय विचारायचं ते त्या अधिकाऱ्याला कळतं, गोळ्या तिथेच मिळतात, आणि रेंजची काळजी त्यांची.

ऑक्सिमीटर कोविडमधला घरात पडलेला असेलच. मेंदी लावलेल्या, नेलपॉलिश लावलेल्या किंवा गार पडलेल्या बोटावर तो चुकतो, सावळ्या कातडीवर कधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. हात चोळून गरम करा, मिनिटभर थांबून वाचा.

पावसाळ्यात ताप आला तर मात्र यंत्रांच्या नादाला लागू नका. बाबा लावणीच्या चिखलात उतरत असतील, पायाला चीर असेल, तर ताप, पोटऱ्यांचं दुखणं आणि लाल डोळे म्हणजे लेप्टो असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना. दोडामार्गकडे 2016 पासून गोचिडीच्या चाव्याने होणारा माकडतापही आहे. साप चावला तर घोणस, फुरसं यांच्या विषाने रक्त गोठत नाही. ते तपासायला आजही स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. कुठलंही अ‍ॅप त्या नळीची जागा घेऊ शकलेलं नाही. विंचवाचं तर कोकणाने जगाला शिकवलं. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही बीपीची स्वस्त गोळी वापरून दाखवली आणि मरणारी माणसं वाचायला लागली. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रयोगशाळा नव्हती, खाटेशेजारी बसून केलेली नोंद होती.

आता वहीत लिहायचे आकडे. हे साधारण आहेत, बाबांच्या डॉक्टरांकडून एकदा पक्के करून घ्या. बीपी 180/110 च्या वर आणि छातीत दुखणं, धाप, बोलण्यात फरक किंवा दिसण्यात फरक असेल तर 108. तेवढंच बीपी पण त्रास काही नाही, तर अर्धा तास शांत बसून पुन्हा मोजायचं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर. जादा गोळी नाही. साखर 70 च्या खाली : तीन चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायची, मग काहीतरी खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. साखर 300 च्या वर आणि उलट्या किंवा गुंगी : हॉस्पिटल. ऑक्सिजन 90 च्या खाली : हॉस्पिटल. बाकी सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रीचे फोन या यादीने निम्मे होतात.

कागदपत्रांचं एक काम तुमच्या वाट्याला. दोघांचं 14 आकडी आभा कार्ड (सरकारी डिजिटल आरोग्य ओळखपत्र) काढा, रिपोर्ट त्याला जोडत जा. बाबा सत्तरीच्या पुढे असल्याने त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. 29 ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे. पण कार्ड दाखवायला फोन लागतो, फोनला चार्जिंग, म्हणून जुने ईसीजी, स्टेंटचा कागद आणि औषधांची चालू यादी प्लास्टिकच्या फोल्डरमध्येही ठेवा. बाबांचा जुना ईसीजी हाताशी असला की नव्यात काय बदललं ते पाच सेकंदांत दिसतं.

उरलेल्या पैशांचं सांगून थांबतो. कोकणातल्या घरात म्हातारं माणूस पडतं ते जांभ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर आणि घराबाहेरच्या न्हाणीत. मोडलेलं खुब्याचं हाड कितीही महाग घड्याळाने जुळत नाही. पायऱ्यांना कठडा, न्हाणीत धरायला लोखंडी दांडा, रात्री उठण्याच्या वाटेवर आपोआप पेटणारा सेलचा दिवा, आणि पावसाआधी पायऱ्या घासून घेणं. आईंना ऐकू कमी येत असेल तर कानाचं मशीन, डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन पावसाआधी उरकून घ्या. दोघांना फ्लूची आणि न्यूमोनियाची लस झाली नसेल तर ती. कानाचं मशीन आणि ऑपरेशन सोडून बाकी सगळं धरूनही तुमच्या 40 हजारांतून काही उरावं.

गणपतीला याल तेव्हा मशीन सोबत घेऊन जवळच्या दवाखान्यात जा, तिथल्या मशीनशी ताडून बघा. दोन्हींत पाचाहून जास्त फरक वारंवार आला तर ते बदलून घ्या. पावती ठाण्यात ठेवू नका, खोक्यातच राहू द्या.